कारभार एका पुस्तकावर, पाठांतर दुसऱ्याचं

जून २०२१ मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेस ब्युनोस आयर्सला आले होते. पाहुण्यांना जवळीक वाटावी म्हणून अर्जेंटिनाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फेर्नांदेस म्हणाले, मेक्सिकोची माणसं इंडियनांतून, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांतून आली, ब्राझीलची जंगलातून आली, आम्ही मात्र जहाजांतून आलो. हे मेक्सिकन कवी ओक्ताव्हिओ पास यांचं वचन आहे, अशी त्यांची समजूत होती. निघालं ते लितो नेबिया या गायकाच्या गाण्यातलं. शेजारच्या देशांनी टर उडवली, आदिवासी संतापले आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांना माफी मागावी लागली.

लेखकाचं नाव चुकलं याची चर्चा बरीच झाली. मला मौज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. याच देशाचं राष्ट्रगीत नेमकं उलटं सांगतं. १८१३ मध्ये विसेन्ते लोपेस इ प्लानेस यांनी ते लिहिलं. त्यातल्या एका कडव्याचा आशय असा: इंकाची थडगी हलू लागली आहेत, त्याच्या हाडांत पुन्हा धग पेटली आहे, कारण त्याची लेकरं मातृभूमीचं जुनं वैभव परत आणत आहेत. ही ‘लेकरं’ कोण, तर स्पॅनिश वंशाचे, स्पॅनिश बोलणारे वकील, व्यापारी आणि सैनिक. इंकांशी त्यांचं रक्ताचं नातं जवळपास नव्हतंच. पण स्पेनशी लढायचं तर स्पेनच्या आधीचा पूर्वज हवा होता आणि कवीने तो मिळवून दिला. १८१६ मध्ये तुकुमानच्या काँग्रेसने स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा जाहीरनामा केचुआ आणि आयमारा या आदिवासी भाषांतही छापायचं ठरलं. त्याच काँग्रेससमोर स्वातंत्र्यलढ्यातले सेनापती मानुएल बेल्ग्रानो यांनी इंकाच्या वंशजाला गादीवर बसवण्याची सूचना मांडली होती. ब्युनोस आयर्सच्या शहाण्यांना तिचं हसू आलं.

पुढे १९०० मध्ये फर्मान निघालं की सरकारी समारंभात राष्ट्रगीताचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग नि ध्रुपद एवढंच म्हणावं. स्पेनशी आता गोडी होती, स्पेनमधून माणसं येत होती, आणि मधल्या कडव्यांत स्पेनला घातलेल्या शिव्या पाहुण्यांना बोचल्या असत्या. त्या शिव्यांसोबत इंकाही गेला. मजकूर रद्द झालेला नाही, तो नुसता म्हणायचा थांबला.

अमेरिका खंडांतल्या आरंभीच्या साहित्याने राष्ट्रांची ओळख घडवली, हे वाक्य पाठ्यपुस्तकात सहज खपतं. बीजातून झाड यावं तसा हा क्रम वाटतो, आधी पुस्तक आणि मग राष्ट्र. मला तो उलटा दिसतो. राष्ट्र चालवणारे लोक आपल्या काळाच्या गरजेपोटी मागे वळतात, ढिगातून एखादं पुस्तक उचलतात आणि ‘हे आमचं पहिलं’ असं जाहीर करतात. याचं उघड उदाहरण उत्तरेतल्या अमेरिकेत आहे. जॉन विन्थ्रॉप यांचं १६३० चं प्रवचन, ज्यात ‘टेकडीवरचं शहर’ ही बायबलमधली उपमा येते, ते आज अमेरिकेच्या पायाचा दगड मानलं जातं. ते छापलं गेलं १८३८ मध्ये. म्हणजे दोनशे आठ वर्षं पायाचा दगड हस्तलिखितांच्या पेटीत होता आणि वर इमारत उभी राहून गेली होती! स्वातंत्र्ययुद्ध झालं, संविधान झालं, पण ते प्रवचन छापील रूपात कोणाच्या हाती नव्हतं. त्याला लोकांच्या तोंडी आणलं विसाव्या शतकातल्या राष्ट्राध्यक्षांनी. केनेडींनी १९६१ मध्ये ते उद्धृत केलं आणि रेगननी त्या शहराला स्वतःच्या पदरचं ‘झळाळतं’ हे विशेषण जोडलं.

पण विन्थ्रॉपचा किस्सा तसा सोपा आहे. अर्जेंटिनाची गोष्ट गुंतागुंतीची आहे, कारण तिथे पुस्तकं दोन आहेत आणि ती एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत.

पहिलं ‘फाकुंदो’. दोमिंगो फाउस्तिनो सार्मिएंतो हा चौतिशीतला माणूस, हुकूमशहा रोसासच्या राजवटीतून पळून चिलीत राहिलेला. १८४५ मध्ये तिथल्या ‘एल प्रोग्रेसो’ या दैनिकात त्याने हे पुस्तक क्रमशः छापलं. वरवर ते ला रिओहा प्रांतातल्या फाकुंदो किरोगा या बंडखोर सरदाराचं चरित्र, आतून रोसासवर सोडलेला तोफगोळा. उपशीर्षकातच ‘सुधारणा आणि रानटीपणा’ अशी जोडी. शहर म्हणजे सुधारणा, युरोप, टोपी-कोट, पुस्तकं. रानटीपणा म्हणजे पाम्पाचं अथांग गवत आणि त्यावर घोडा फेकणारा, सुरी बाळगणारा, कोणाचंच न ऐकणारा गुराखी, गाऊचो. गंमत अशी की लिहिताना सार्मिएंतोने पाम्पा डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. तो आंदीजच्या पायथ्याच्या सान हुआनचा. पाम्पा त्याने ऐकून आणि वाचून उभा केला. जेम्स फेनिमोर कूपरच्या कादंबऱ्या वाचताना आपल्याच देशातल्या चालीरीती दिसल्या, असं तो त्यात स्वतःच सांगतो.

तरीही पुस्तकातले सर्वात जिवंत भाग त्या ‘रानटी’ माणसांवरचेच आहेत. मातीवरच्या टापांच्या खुणांवरून चोर ओळखणारा मागकाढ्या, गवताची चव घेऊन आपण कुठे आहोत हे सांगणारा वाटाड्या, गावोगाव गात फिरणारा गाऊचो कवी. शिव्या द्यायला बसलेला लेखक त्यांच्या प्रेमात पडलेला दिसतो. मात्र ते प्रेम कागदापुरतंच. १८६१ मध्ये ब्युनोस आयर्सचे गव्हर्नर बार्तोलोमे मित्रे यांना लिहिलेल्या पत्रात हाच सार्मिएंतो म्हणतो की गाऊचोंचं रक्त वाचवत बसू नका, ते खत आहे, देशाच्या उपयोगी पडायला हवं. सात वर्षांनी तो राष्ट्राध्यक्ष झाला. त्याने शाळा काढल्या, अमेरिकेतून शिक्षिका आणवल्या आणि १८६९ मध्ये पहिली राष्ट्रीय जनगणना केली. लेखक म्हणून जे लिहिलं ते राष्ट्राध्यक्ष म्हणून राबवण्याची संधी जगात फार थोड्यांना मिळाली असेल.

दुसरं पुस्तक त्याच्याच कारकिर्दीत, त्याच्याच विरोधात आलं. होसे एर्नांदेस हा पत्रकार. एंत्रे रिओस प्रांतातल्या सरकारविरोधी बंडात सामील झाला, बंड मोडल्यावर ब्राझीलच्या हद्दीत पळाला, मग परतला. १८७२ च्या अखेरीस त्याने ‘एल गाऊचो मार्तीन फिएर्रो’ नावाची पातळ, स्वस्त कागदावरची पद्यपुस्तिका काढली. त्यात गाऊचो स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या उच्चारांत, गिटारीच्या साथीने आपली कर्मकहाणी गातो. बायको होती, पोरं होती, गुरं होती. एके दिवशी दुकानात गाणं रंगलेलं असताना न्यायाधीश माणसं घेऊन आला आणि सापडले ते धरून नेले. आधीच्या निवडणुकीत हा मत द्यायला गेला नव्हता, तो राग होताच. सरहद्दीवरच्या ठाण्यात त्याला इंडियनांशी लढायला पाठवलं. पगार मिळाला नाही, वरिष्ठांच्या शेतात राबावं लागलं. तो पळाला. घरी आला तर घर पडलेलं, बायको दुसऱ्याबरोबर गेलेली, पोरं पांगलेली. मग दारू, भांडण, खून, फरारी. पोलीस घेरतात, तेव्हा एकट्याने लढणाऱ्या या माणसाला पाहून क्रूस नावाचा त्यांचाच हवालदार बाजू बदलतो, असा शूर गडी अशा रीतीने मारू देणार नाही म्हणतो. शेवटी दोघं सरहद्द ओलांडून इंडियनांच्या मुलखात जातात. सुधारलेल्या राज्यापेक्षा तिथे बरं.

हे पुस्तक कसं पसरलं त्याचा एक दाखला मला फार आवडतो. सार्मिएंतोनंतर राष्ट्राध्यक्ष झालेले निकोलास आव्हेयानेदा यांनी एका घाऊक वाण्याच्या वहीतली खेड्यांतल्या दुकानदारांची मागणी सांगितली आहे. बारा ग्रोस काड्यापेट्या, एक पिंप बिअर, मार्तीन फिएर्रोच्या दुसऱ्या भागाच्या बारा प्रती, सार्डिन माशांचे शंभर डबे. सहा-सात वर्षांत पहिल्या भागाच्या अकरा आवृत्त्या निघाल्या. ज्याला वाचता येई तो दुकानात मोठ्याने वाचे आणि बाकीचे ऐकत. पंडितांनी मात्र त्याकडे बऱ्याच अंशी पाठ फिरवली. वाण्याच्या यादीत काड्यापेटीशेजारी बसणाऱ्या पुस्तकाला साहित्य कोण म्हणणार?

दुसरा भाग १८७९ चा. तोवर हवा पालटली होती. त्याच वर्षी जनरल रोका यांनी ‘वाळवंटावरची स्वारी’ म्हणून ओळखली जाणारी मोहीम काढली. वाळवंट म्हणजे इंडियनांची राहती जमीन. एर्नांदेसही आता विरोधक उरला नव्हता, विधिमंडळात बसू लागला होता. दुसऱ्या भागात फिएर्रो परत येतो. पहिल्या भागात ज्यांच्याकडे आसरा घ्यायला निघाला होता ते इंडियन आता क्रूर आणि आळशी रंगवले आहेत. क्रूस देवीच्या साथीत मेला आहे. फिएर्रो मुलांना शहाणपणाच्या चार गोष्टी सांगतो, त्यात कष्ट करा, वडीलधाऱ्यांना मान द्या, असंही येतं. बंडखोर निवळतो. ही त्या कवितेची कमजोरी आहे असं माझं मत. पण पुढे सरकारला ती पचली ती या दुसऱ्या भागामुळेच.

ती पचवायची वेळ १९१३ मध्ये आली. मधल्या काळात देश ओळखू येईनासा झाला होता. १८६९ च्या गणतीत लोकसंख्या अठरा लाखांच्या आसपास होती, १९१४ मध्ये ती एकोणऐंशी लाखांवर गेली, आणि त्यांतले तीस टक्के लोक परदेशात जन्मलेले. राजधानीत तर निम्मे. इटलीचे, स्पेनचे, रशियातून आलेले ज्यू. हे लोक हवे होते म्हणूनच आले. १८५३ च्या संविधानाचं पंचविसावं कलम सरकारला सांगतं की युरोपातून येणाऱ्यांना उत्तेजन द्या. ते कलम आजही तसंच आहे. पण आलेल्यांनी नुसते गहू पेरले नाहीत, संप केले, अराजकवादी वृत्तपत्रं काढली. १९०२ मध्ये कायदा झाला की त्रासदायक परदेशी माणसाला खटला न चालवता हाकलता येईल. पूर्वी रान उठवणारा गाऊचो धोका होता, आता बंदरावरचा हमाल धोका झाला. आणि गाऊचो? तारेच्या कुंपणांनी पाम्पा वाटला गेला होता. मोकळा गाऊचो जवळपास संपला होता. उरले होते जमीनदाराच्या वाड्यावर मजुरी करणारे गडी.

संपलेला माणूस निरुपद्रवी असतो. १९१३ मध्ये कवी लेओपोल्दो लुगोनेस यांनी ब्युनोस आयर्सच्या ओदेओन नाट्यगृहात व्याख्यानं दिली. श्रोत्यांत राष्ट्राध्यक्ष साएन्स पेन्या आणि मंत्री बसले होते. ‘मार्तीन फिएर्रो’ हे आमचं महाकाव्य, आमच्या गाऊचोची परंपरा थेट ग्रीकांपर्यंत जाते, असा लुगोनेस यांचा दावा. व्याख्यानांचं पुस्तक स्वातंत्र्याच्या शताब्दीला, १९१६ मध्ये निघालं. त्याच्या प्रस्तावनेत, कृतघ्न भिकाऱ्यांसारखा ओसरीवर गोंधळ घालणारा ‘समुद्रापलीकडचा जमाव’ असा परदेशी मजुरांचा उद्धार आहे. एका हाताने महाकाव्य उचलायचं आणि दुसऱ्या हाताने ते कोणाला दाखवायचं, हे याहून स्पष्ट कोणी सांगितलं नसेल. त्याच वर्षी, १९१३ मध्येच, विद्यापीठात रिकार्दो रोहास अर्जेंटिनाच्या साहित्याचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या चार खंडी साहित्येतिहासाचा पहिला खंड गाऊचो कवींवर आहे आणि दुसरा वसाहतकाळावर. आधी नातू, मग आजोबा! ‘आरंभीचं साहित्य’ म्हणजे काय, याचं उत्तर त्या क्रमातच आहे.

अर्जेंटिनाचे कथाकार होर्हे लुईस बोर्हेस यांना ही निवड कायम सलत राहिली. ‘फाकुंदो’च्या एका आवृत्तीसाठी १९७४ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलं की ‘मार्तीन फिएर्रो’ऐवजी आम्ही ‘फाकुंदो’ला प्रमाणग्रंथ मानलं असतं तर आमचा इतिहास वेगळा आणि अधिक चांगला झाला असता. बोर्हेस मोठे, त्यांचं वाक्यही घडीव. पण मला ते पटत नाही.

‘फाकुंदो’ निवडलं गेलं नाही, हेच मुळात खरं नाही. ते राष्ट्रपुस्तक म्हणून पाठ केलं गेलं नाही, इतकंच. राबवलं मात्र तेच गेलं. युरोपातून माणसं आणा हे संविधानाचं कलम, इंडियनांची जमीन मोकळी करणारी स्वारी, ओस पाम्पा भरून काढणाऱ्या आगगाड्या, गाऊचोला कुंपणात घालणारी तार, सगळी ‘फाकुंदो’च्या पानांची अंमलबजावणी. सार्मिएंतोचा विचार जिंकला, इतका पुरता जिंकला की विजेत्यांना हरलेल्याचं गाणं म्हणायची चैन परवडू लागली. कारभार ‘फाकुंदो’वर चालला आणि पाठांतर ‘फिएर्रो’चं झालं. १९३९ पासून ब्युनोस आयर्स प्रांतात एर्नांदेसचा जन्मदिवस, १० नोव्हेंबर, ‘परंपरा दिन’ म्हणून पाळला जातो. नंतर तो देशभर पसरला. सरकारी भरतीतून पळालेल्या माणसाची कविता सरकारी शाळेतली पोरं सरकारी समारंभात म्हणतात.

म्हणून एखादं पुस्तक राष्ट्राचं ठरतं तेव्हा मला शंका येते ती त्याच्या खरेपणाबद्दल नसते. ते भांडण होतं, हे विसरलं जातं, दुखणं ते. ‘फाकुंदो’शिवाय ‘फिएर्रो’ वाचणं म्हणजे कलगी-तुऱ्याच्या फडात एकाच बाजूचे सवाल ऐकून घरी जाणं. फिएर्रो कोणाला जाब विचारतोय तेच कळणार नाही. सगळं नुसतं घोडा, गिटार आणि शौर्य होऊन बसेल. झालंच आहे तसं.

आणि सवाल विचारणारे आणखीही होते. कवितेत फिएर्रो नाचाच्या जागी एका काळ्या बाईचा पाणउतारा करतो आणि तिच्याबरोबरच्या काळ्या पुरुषाला सुरीने मारतो. दुसऱ्या भागात मेलेल्याचा भाऊ येऊन गाण्याच्या जुगलबंदीत त्याला आव्हान देतो. जुगलबंदी हरतो, आणि खुनाचा हिशेब अर्धाच राहतो. १७७८ च्या गणतीत ब्युनोस आयर्सचे जवळपास तीस टक्के लोक आफ्रिकी वंशाचे होते. राष्ट्राच्या गोष्टीत त्यांच्यासाठी एवढीच जागा. याच बोर्हेसनी १९५३ च्या एका कथेत तो हिशेब पूर्ण केला. तिथे तो भाऊ फिएर्रोला मारतो. प्रमाणग्रंथाशी असंही वागता येतं. फिएर्रोच्या बायकोला तर मूळ कवितेत नावही नाही. गाब्रिएला काबेसोन कामारा यांनी २०१७ च्या कादंबरीत तिला नाव दिलं, घोडागाडीत बसवलं आणि पाम्पात फिरवून आणलं.

यावर कोणी म्हणेल की वीस भाषा बोलणाऱ्या बोटीभर माणसांना एका देशात सामावायचं तर एखादं सामाईक गाणं लागतंच. लागतं. मी ते नाकारत नाही. लुगोनेस यांच्या व्याख्यानांच्या तीन वर्षं आधी आल्बेर्तो गेर्चुनोफ यांचं ‘लोस गाऊचोस हुदिओस’, म्हणजे ‘ज्यू गाऊचो’, आलं होतं. रशियन साम्राज्यातून पळून आलेल्या, एंत्रे रिओसच्या वसाहतींत नांगर धरलेल्या ज्यू कुटुंबांच्या कथा. ज्या गाऊचोला लुगोनेस दाराशी राखणदार म्हणून उभं करणार होते, त्याचाच पोशाख घालून हे उपरे आत येऊन बसले. त्या पोशाखात कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. वाचकाला हे स्वातंत्र्य असतं, आणि ते राष्ट्रपुस्तकापेक्षा मोठं आहे.

ते स्वातंत्र्य पुण्यातल्या एका वाचकानेही घेतलं होतं. ‘मार्तीन फिएर्रो’च्या पाठोपाठ, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आली. ती अर्पण केली आहे अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्यांची गुलामी संपवल्याबद्दल. टॉमस पेन वाचलेल्या फुल्यांनी अमेरिकेतून काय उचलायचं ते स्वतः ठरवलं. टेकडीवरचं झळाळतं शहर त्यांना नको होतं, गुलामांच्या बेड्या तोडणारी अमेरिका हवी होती. त्या देशाने स्वतःबद्दल काय पाठ केलंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

अर्जेंटिनाच्या शाळांनी काय करावं हे सांगणारा मी कोण. पण राष्ट्रगीताची गाळलेली कडवी वर्गात एकदा तरी मोठ्याने वाचायला हरकत नसावी. ‘फाकुंदो’ आणि ‘फिएर्रो’ एकाच आठवड्यात, एकाच बाकावर ठेवून वाचायलाही. जहाजांचं वाक्य राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून इतक्या सहज निसटलं ते गाण्यामुळे नव्हे. त्या वाक्याला कोणी हरकत घेतलेली त्यांनी शाळेत ऐकलीच नसावी.

‘मार्तीन फिएर्रो’तली सर्वांना पाठ असलेली ओळ दुसऱ्या भागाच्या शेवटाकडची आहे: भावांनी एकजुटीने राहावं, हा पहिला कायदा. पुढाऱ्यांच्या भाषणांत ती हमखास येते. ज्याला पुस्तक बंद करायची घाई नाही त्याने त्या उपदेशाच्या आधीचा आणि नंतरचा सर्गही वाचावा. आधीच्या सर्गात फिएर्रो, त्याचे दोन मुलगे आणि क्रूसचा मुलगा असे चौघं रात्री बोलत बसतात. एका घरात राहायची त्यांची ऐपत नाही. उपदेशानंतरच्या सर्गात ते आपापली नावं बदलायचं ठरवतात. एकमेकांना एक वचन देतात आणि चार दिशांना निघून जातात. वचन कसलं ते कवी सांगत नाही, गुप्त ठेवायचं कबूल केलंय म्हणतो. नवी नावंही सांगत नाही.